रामबागेतल्या चार खोल्या कोणी पाहाव्यात याबद्दल

मागच्या आठवड्यात मी न्हाणीत घसरून पडले आणि कमरेचे हाड मोडले. शुद्धीवर आले तेव्हा माझा भाचा मनोहर आणि किरायेदार रुपराव माझ्या उशाशी बसून, माझ्या पश्चात मागच्या चार खोल्यांवर व्यवस्थापक नेमावा की नाही, यावर भांडत होते. मला विचारावे असे दोघांनाही सुचले नाही. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी, शामला दादाजी नगराळे, वय साठ, बी.ए., बी.टी., निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार रामबाग, नागपूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हाड मोडले असले तरी डोके शाबूत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला, त्यांनी पुन्हा केला नाही.

कलम १. राहते घर व मागच्या चार खोल्या माझे यजमान कालकथित दादाजी यांनी बांधल्या. ते गवंडी होते. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती उभारायच्या आणि रविवारी आपली, असे करत त्यांनी हे काम पुरे केले. या सर्वाची मालकी मी मनोहरला देते. घर त्याने हवे तसे वापरावे. खोल्या मात्र रुपराव व पहिल्या खोलीत राहणारी भागीरथाबाई हयात असेपर्यंत विकू नयेत.

कलम २. बँकेतील शिल्लक माझ्या शाळेतील मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावी. दादाजींची थापी आणि ओळंबा मनोहरची मुलगी इंदू हिला द्यावा. वाकडे दिसले की ती मोठ्यांनाही तोंडावर सांगते. तिला ओळंबा उपयोगी पडेल.

कलम ३. १९४६ साली मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि नागपूरच्या महाल भागात खोली मिळाली. मी ती झाडली, स्टोव्ह पेटवला, वरणाला फोडणी दिली. घरमालकीणबाई वासावर आल्या, 'छान हो' म्हणाल्या आणि मग आडनाव विचारले. ते वरण मी रस्त्यावर पेटीवर बसून खाल्ले. त्या बाईंना मी काही ठेवत नाही. क्षमाही नाही. वकील म्हणतात, असे कलम मृत्युपत्रात बसत नाही. बसवावे.

कलम ४. आता खोल्या. मेडिकलच्या सरकारी इस्पितळात आणि धंतोलीतल्या खासगी दवाखान्यांत पेशंट घेऊन विदर्भभरातून माणसे येतात. पेशंटला खाट मिळते, सोबतच्यांना फुटपाथ. या खोल्या त्या सोबतच्यांसाठी आहेत. माझ्यामागे त्यांचे दार उघडताना कोणाला काय विचारले जाईल, एवढीच मला काळजी आहे.

मनोहरचे म्हणणे, सदर भागातल्या एका कंपनीकडे काम सोपवावे. ते आगाऊ रक्कम घेतात, शिफारसपत्र मागतात, 'चांगली वस्ती' ठेवतात. ही चांगली वस्ती म्हणजे काय, ते मला महालात कळले आहे. रुपरावांचे म्हणणे, "शेळीले काय माहूत ठेवतेत? आमी किरायेदार पाहून घेऊ." तेही मला मान्य नाही. सगळ्यांनी पाहायचे म्हटले की नळ गळतच राहतो. व्यवस्थापक हवा. रीतसर, पगारी हवा.

तो रुपराव असावा.

मनोहर विचारील, "आत्या, ज्या माणसाने भागीरथाबाईला हाकलले, त्यालाच?" होय. त्याचे कारण लिहून ठेवते.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात होते. किल्ल्या रुपरावांकडे होत्या. मिलमधून निवृत्त झालेला, निर्व्यसनी, माझ्यासारखाच छप्पन्न सालच्या दीक्षेला उभा राहिलेला माणूस. मी डोळ्यावर पट्टी बांधून रिक्षातून उतरले, तर भिंतीशी कोणीतरी बाई गाठोडे घेऊन बसलेली. तीच ही भागीरथाबाई.

"ही कोण, रुपराव?"

"सावनेरकडची हाय. नवरा मेडिकलात हाय म्हंते. खोली मागून राहिली, मी नाही म्हटलं."

"काहून?"

"आडनाव इचारा तिले. आमच्याच गावची हाय. त्यायच्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवला म्हून माह्या बापाले मारलं होतं, बाई."

"हिने मारलं?"

"हे तवा पैदा बी झाली नसन."

"मग?"

"इतके साल त्यायनं आपल्याले इचारलं. एक दिवस आपण इचारलं तं काय झालं?"

"झाला तो दिवस. गाठोडं आत घ्या."

ते हलले नाहीत. मग मीच गाठोडे उचलले. पट्टीमुळे दिसत नव्हते, कपाळ चौकटीवर आदळले. तेव्हा माझ्या हातून गाठोडे ओढून घेत रुपराव म्हणाले, "टाका सुटन ना, बाई! द्या इकडे." त्यांनी ते खोलीत नेऊन ठेवले. तिच्याशी मात्र बोलले नाहीत.

तीही काही देवी नव्हती. सुरुवातीला माझ्या घरचा चहा घेत नसे. "आताच पेली," म्हणायची. मी रोज विचारले. एक दिवस नवऱ्याची तब्येत फार बिघडली. ती परत आली, ओट्यावर बसली आणि आपणहून म्हणाली, "चहा हाय का वं, बाई?" रुपरावांनी तो आणून दिला. मी पाहिले, पण पाहिल्याचे दाखवले नाही.

नवरा गेला. गावाहून कोणी आले नाही. रुपरावांनी ट्रक ठरवला, प्रेताजवळ बसून सावनेरपर्यंत आणि पुढे गावात गेले. तिसऱ्या दिवशी तिला घेऊनच परतले.

मी विचारले, "तिथं कोणी काही बोललं?"

"बोलाचं होतं त्यायले. पण हिनंच भरल्या डोयानं विहिरीचं पाणी काढलं अन् सगळ्यायच्या समोर मले देलं. मी पेलो." मग म्हणाले, "खारं हाय, बाई. माह्या बापानं ज्याच्यासाठी मार खाल्ला, ते पाणी खारं निंगालं."

मग ते तोंड फिरवून बराच वेळ नळाशी पाना लावून बसले. तो नळ गळत नव्हता.

कंपनीचा माणूस चूक करणार नाही कदाचित. पण केलीच, तर ती निस्तरायला प्रेताजवळ बसून सावनेरला जाणार नाही.

कलम ५. रुपरावांनी नव्या माणसाला नाव विचारावे, पेशंट कुठल्या वॉर्डात आहे ते विचारावे, राहणारे किती ते विचारावे. आडनाव विचारू नये. कोणी आपणहून सांगितल्यास ऐकून घ्यावे आणि विसरावे. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला मात्र खुशाल बाहेर काढावे, तो कोणीही असो. त्यांचा पगार किरायातून निघावा. मनोहरने वर्षातून एकदा येऊन छप्पर पाहावे, सल्ला देऊ नये.

कलम ६. भागीरथाबाई आता धंतोलीत आयाचे काम करते व पहिल्या खोलीत राहते. तिचा किराया वाढवू नये. माफही करू नये; तिला अपमान वाटेल.

ठिकाण: रामबाग, नागपूर. दिनांक ९ नोव्हेंबर १९८३.

सही: शामला दादाजी नगराळे

आम्हा दोघांसमक्ष, वाचून, समजून सही केली:
१. यमुताई वासनिक, निवृत्त शिक्षिका
२. कवडू रामटेके, पोस्टमन

ताबा दिल्याची नोंद, त्याच दिवशी दुपारी: चारही खोल्यांच्या किल्ल्या, शिडी, पाना व हातोडी रुपरावांना दिली. भागीरथाबाई म्हणाली, "आता साहेब झाले गा तुमी." ते म्हणाले, "तू चूप बस वं." तेवढ्यात दाराशी कोणी खोली मागायला आले. मला उठता येत नसल्याने मी फक्त ऐकले. रुपरावांनी नाव विचारले, वॉर्ड विचारला, किती जण ते विचारले. मग जरा थांबले आणि म्हणाले, "जेवले का तुमी?"

हा प्रश्न कलम ५ मध्ये नव्हता. तो त्यात धरावा. चौथी खोली दिली.