पहिल्या रविवारचा हुकूम

१६ ऑक्टोबर १९५६

हायकोर्टच जाणार म्हणे! आई भाजीबाजारातून ऐकून आली. डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधीच दारातून ओरडली, "पार्वते, पंजाबरावानं सांगणं धाडलं! एक तारखेले नागपूरचं हायकोर्ट बंद. मंग तुया स्टे कायचा अन् फिटे कायचा? टांगा घिऊन येतो म्हने, पोट्टीचे कपडे बांधून ठेव!"

पंजाबराव म्हणजे माझे सासरे. अकोल्यात फुलांचं दुकान. अकोल्याच्या कोर्टानं माझी मैना त्यांच्या मुलाला देऊन टाकली होती. पाच वर्षांची पोर! नागपूरच्या हायकोर्टानं त्या निकालावर स्टे दिला, म्हणून ती अजून माझ्याजवळ आहे. अपील पडूनच आहे. आणि आता ते कोर्टच नाही?

१७ ऑक्टोबर

खरं आहे. शाळेत मोठ्या बाईंनी सांगितलं. राज्य पुनर्रचनेचा कायदा झालाय. आपलं वऱ्हाड मुंबई राज्यात. नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशाबरोबर जबलपूरला. मग माझं अपील कुठे? जबलपूरला? मुंबईला? दोन्ही गावं मी फक्त पोरींना नकाशात दाखवलीत!

देवराव वकिलांकडे गेले तर दाराला कुलूप. सगळं घर नागपूरला धम्मदीक्षेला गेलंय, तिकडून चांद्याला बहिणीकडे. कधी येतील, शेजारणीला माहीत नाही. आत्ताच जायचं होतं का! नाही, असं म्हणू नये. त्यांच्या जन्मातला दिवस तो. पण मी काय करू?

२६ ऑक्टोबर

आज फळ्यावर तारीख लिहिली ती एक नोव्हेंबर. पोरी हसल्या. वकील अजून नाहीत.

३० ऑक्टोबर

मैनाला मोर्शीला नेऊन सोडलं. माणिकमावशीच्या संत्र्याच्या बागेत. पंजाबराव अमरावती पालथी घालोत आता! मावशी म्हणाली, "इथं कोन येते? आला त कुत्रं सोडतो." मैना खूश. मोटारीत बसल्यावर मला मात्र रडू आवरेना.

सासऱ्यांपेक्षा राग येतो तो सहदेवचा. (नाव लिहिते खुशाल, वहीत कोण बघतंय!) शाळा सोड, दुकानात बसून हार गुंफ, असं सासऱ्यांनी फर्मावलं तेव्हा हा नवरा माझा, खाली मान घालून शेवंती निवडत बसला. ना हो म्हणाला, ना नाही. मी पोर उचलून निघाले तेव्हाही गप्प. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मैनाला भेटायला येतो तेव्हाही बोलतात ते सासरेच, हा नुसता बाजूला बसून असतो.

१ नोव्हेंबर

वकील आले! कळल्याबरोबर धावले. माझं ऐकून ते चक्क हसायलाच लागले.

"बाई, कोर्ट गेलं तरी त्याचा हुकूम जात नाही. कायद्यातच तसं लिहून ठेवलंय. आपल्या भागातली कामं आता मुंबई हायकोर्टाची, अन् जुन्या कोर्टानं दिलेला हुकूम तो नव्याचाच समजायचा. अन् मुंबईले जायचं कामच नाही. मुंबई हायकोर्टाचे जज नागपुरात बसतील."

देवा! तिथेच बाकावर बसले. कुणी केला असेल हा कायदा, पण माझ्या मैनाची आठवण ठेवून केला!

"मैना कुठाय?" त्यांनी सहज विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मोर्शीला. त्यांचं हसू गेलं.

"काहून? हुकूम वाचला का तुमी? पोरगी अमरावतीतच राहील अन् पहिल्या रविवारी बापाले भेटेल, या अटीवर तर स्टे आहे! स्टे कायम त अटबी कायम. येत्या रविवारी पोरगी इथं नसली, त पंजाबरावले टांग्याची गरजच नाही. नव्या जजासमोर तेवढंच सांगतील."

माझ्याच हातानं मी पोर घालवत होते!

३ नोव्हेंबर

आणली! काल ऐन दिवाळीत मोटार मिळेना, आज मिळाली. मैनाच्या हाताला, केसांना, फ्रॉकला संत्र्याचा वास. आई म्हणाली, "पोट्टी हाय का संत्र्याचं झाड?" किती दिवसांनी तिघी हसलो.

४ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून टांग्याच्या आवाजाला कान. टांगा आलाच नाही. सहदेव आला. एकटा, स्टेशनापासून पायी. हातात शेवंतीची वेणी. फाटकाबाहेर रस्त्यातच उभा. आई कमरेवर हात ठेवून दारात.

मी म्हटलं, "या ना आत."

"येऊ?" तो म्हणाला. "बाबा म्हने, कोर्ट गेलं. तवापासून मी एकच इचार करून राहिलो. कोर्ट गेलं, त माया रविवारबी गेला का?"

मी फाटक उघडलं. हा रविवार त्याचाही होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"नाही गेला," मी म्हटलं. "कायद्यातच लिहिलंय."

मटकन ओट्यावर बसला. डोळे पुसले. मैना धावत येऊन मांडीवर चढली.

"बाबा टांगा घेऊन येणार होते ना?" मी विचारलं.

"नाई येत. मी नाई म्हनलं त्याईले."

"तुम्ही? बाबांना?"

"हो."

आईनं न विचारता चहा टाकला.

११ नोव्हेंबर

आज दुसरा रविवार. हुकुमात हा नाही. सहदेव आला होता. निरोप मीच धाडला होता.