मी असं म्हणाले नाही

१४ जुलै १९५२, सोमवार

बोलून टाकलं एकदाचं! कॉलेजात यंदा प्रत्येकाला एक प्रोफेसर नेमून दिलाय — विषय घेताना अडलं की त्यांना विचारायचं. मला मुळ्ये सर मिळाले. बी.ए.ला संस्कृत नको, गणित हवंय, आबा ऐकत नाहीत — सगळं सांगितलं. रडले पण, फालतूच. सर म्हणाले, "इंटरचे मार्क बघितलेत मी तुझे. गणितच घे. तुझ्या वडिलांशी बोलू मी?" मी हो म्हणाले. दोनदा म्हणाले — हो, हो!

१७ जुलै

लिहायला हात धजत नाही.

संध्याकाळी सर घरी आले. आईनं चहा दिला. आबा खुर्चीत ताठ — होळकरांच्या फौजेत होते, ती फौज गेली, आता दफ्तरात फायली लावतात, पण बसणं तेच. सरांनी हळूच विषय काढला. आबा म्हणाले, "पोरीला गणित शिकून काय तोफा डागायच्यात?" मग माझ्याकडे वळले. "काय गं कमल, तू सांगितलंस ह्यांना?"

"नाही. मी असं म्हणाले नाही."

माझाच आवाज! सर माझ्याकडे बघतील वाटलं. बघितलं नाही. "माझीच समजूत चुकली असेल," म्हणाले, अन् अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

१८ जुलै

कॉलेजात गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. आणखी एक खोटं.

२१ जुलै

सर समोरून येताना दिसले. मी जिन्याखाली लपले — चोरासारखी. घरी येताना पण सराफ्यातून लांबचा वळसा घालून आले, ते वाटेत भेटू नयेत म्हणून.

२३ जुलै

वर्गातली शांता भेटली. परदेशीपुऱ्यात राहते, वडील मिलमध्ये. घरचे तिचं कॉलेज सोडवून लग्न करतायत. मुळ्ये सर रविवारी तिच्या वडिलांना समजवायला जाणार होते.

"आता नाही येणार गं. प्रिन्सिपलसाहेबांनी मना केलंय. कुणीतरी शिकायत केली ना — सर मुलींना भडकवतात म्हणे!"

कुणीतरी! घरी येऊन आईला विचारलं. शनिवारी आबाच गेले होते प्रिन्सिपलसाहेबांकडे.

कॉलेजात शांता माझा हात धरून विचारत होती, "तू का रडतेस?" तिला काही सांगितलं नाही.

२४ जुलै

सांगितलं. आबा पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "सर खरं बोलत होते. मीच सांगितलं होतं त्यांना."

मार पडेल वाटलं. आबा पेपरातून वर बघेनात. मग म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या तोंडावरून."

"मग शिकायत का केलीत?"

आबांची मान खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती.

पेपराची घडी घालून म्हणाले, "सकाळी कॉलेजात जाऊन मागे घेतो. तू चल बरोबर. मला एकट्याला नाही जमायचं."