वळणावरचा आरसा

प्रिय भिंगरी,

मामाच्या अक्षराला हसू नकोस, तळहाताला फोड आलेत. कशाने, ते शेवटी. तुझी आई फोनवर सांगत होती की सोमवारी तू कंपनीच्या कागदावर सही करणार आहेस, ‘अपघात माझ्या भरधाव गाडीमुळे झाला’ अशी. एवढं सुबक खोटं तुला एकटीला सुचणार नाही. तयार मसुदाच दिला असणार.

तुझ्या व्हॅनला धडकलेला दूधवाला बरा आहे. खांद्याचं हाड सांधतंय, जिभेला काही झालंच नव्हतं. म्हणाला, मास्तर, पोरीची व्हॅन बैलगाडीच्या चालीनं येत होती, पण तुमच्या घराच्या वळणावर दोघांनाही पलीकडचं दिसलं नाही. हे चौकशीत का नाही बोललास म्हटलं, तर म्हणे, विचारलंय कुणी? कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र निकाल केव्हाच लागलाय. जिथे पार्सलची व्हॅन, तिथे वेग. आमच्या न्यायशास्त्रात अग्नीच्या अनुमानाला निदान धूर तरी लागतो. इथे तेवढीही अट नाही. आणि आठ दिवस मीही तिथेच चहा पीत गप्प बसलो. मी आणि गप्प! तेव्हाच कुणाला तरी संशय यायला हवा होता.

दोन महिन्यांपूर्वी तू पुस्तकांचं पार्सल घेऊन आलीस आणि फाटकातूनच ओरडलीस, मामा, वेल छाट रे, वळणावरचा आरसा झाकलाय तिनं, आम्हा गाडीवाल्यांना समोरचं काही दिसत नाही. मी म्हटलं, बहर ओसरू दे, फुललेल्या लतेवर शस्त्र धरणाऱ्याला काव्यात क्षमा नाही. नंतरच्या प्रत्येक पार्सलाबरोबर तू आठवण केलीस आणि मी दर वेळी नवा श्लोक काढला. चौकशीत यातलं अक्षरही तू काढलं नाहीस. मामाला पाठीशी घातलंस, गाढवे.

आज सकाळी शिडी लावून वेल छाटली. आरशात आधी माझं टक्कल उजळलं, मग पुलापर्यंतचा सगळा रस्ता. तसाच चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो आणि लेखी जबाब दिला. बहराचा जो फोटो मी अपघाताच्या आदल्याच दिवशी साऱ्या नातेवाइकांना मिरवत पाठवला होता, तोही जोडला; त्यात आरशाची नुसती कड दिसते. दूधवालाही उद्या जबाब देतोय. माझ्या जबाबाची शिक्का मारलेली पोच सोबत आहे. सोमवारी ती त्यांच्यापुढे ठेव आणि पेन खिशातच राहू दे. या प्रकरणातली सही माझी होती. ती मी केली आहे.

तुझाच, बहर ओसरलेला,
मामा