न ढवळलेलं सूप

प्रिय हिल्काताई,

इकडे सगळं ठीक आहे. तळं अजून गोठलेलंच आहे, पण सरपण भरपूर आहे. आईचे गुडघे काय म्हणतात?

तौनो हल्ली सारखा शेजारच्या लेम्पीकडे जाळी दुरुस्त करायला जातो. बिचारी विधवा आहे, मी काय बोलणार!

काल मी माशाचं सूप करत होते. बटाटे शिजले, मासे सोडले, डाव घातला, तर हा माझा नवरा तौनो चुलीपाशी धावला. ज्याला घरातलं मीठ सापडत नाही, तो!

"अगं, ढवळू नकोस, तुकडे मोडतात," म्हणाला, आणि भांड्याचे कान धरून त्याने ते अलगद हिंदकळवलं. वरून शेपू घातला, तोही बारीक चिरून.

आपली आई तर ढवळतेच की!

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"त्यात शिकवायचं काय?" म्हणाला, पण मान लाल झाली.

ताई, सूप इतकं सुरेख झालं होतं की मला रडू आलं. तो लाकडं आणायला बाहेर गेला, तेव्हा मी डावाने सगळ्याचा लगदा केला.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. एवढंच सांग, की जावई हल्ली स्वयंपाकात मदत करतो.

तुझीच,
सायमी