विशाखापट्टण सोडून कुठेही

७ मार्च १९७६, रवि.
मंदा आली विशाखापट्टणहून, चुलतभावाच्या लग्नाला. उतरली महाल भागात आईकडे, पण दुपारपासून ठाण आमच्याकडे. माझी पाठची बहीण, तरी ती आली की माझ्याच घरात मी पाहुणी होते. पोरं तिला चिकटलेली. हे खापरखेड्याहून पॉवर हाऊसची ड्यूटी करून आले ते हातपाय न धुता तिच्यासमोर बसले.
विषय एकच. तिच्या क्वार्टरच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. तिचे वसंतराव बंदराच्या ऑफिसात, संध्याकाळी आले की दोघं वाळूत फिरायला जातात. रोज जातात म्हणे. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. अंबाझरीचा तलाव पाहिलाय, झालं.
निघताना म्हणाली, ताई, मे महिन्यात या सगळे, राहायची काळजी नाही. ह्यांचा चेहरा असा खुलला की मी कप उचलून आत गेले. कपांत चहा तसाच होता.

८ मार्च
ह्यांनी सकाळी ठरवूनच टाकलं. रायपूरला गाडी बदलायची की पोचलो. मी म्हटलं, पुरीला जाऊ, देवदर्शनही होईल. तर विचारतात, तू कधीपासून देवाची झालीस. आपलं माणूस असताना लॉजमध्ये काहून राहायचं, हा त्यांचा मुद्दा. आपल्याकडे कुठे गावं पाहून जातात? कोण कुठे राहतं ते पाहतात आणि त्या गावाला जातात.
मंदाला समुद्र मिळाला तो मिळाला, आता तो दाखवायचा मानही तिलाच.

११ मार्च
शेजारच्या देशमुखकाकू पुरीला जाऊन आल्यात. मुद्दाम विचारून आले. पंडे स्टेशनापासूनच मागे लागतात, लाटेत चपला वाहून गेल्या, पण सूर्य पाण्यातून वर येतो. ह्यांना फक्त सूर्याचं सांगितलं.
ऐकलं, आणि पुन्हा रायपूर.
मग गोवा काढलं. म्हणाले, ते तर दुसरं टोक. गणपतीपुळे म्हटलं.
"तिथं कोण आहे आपलं?"
"समुद्र आहे," मी म्हटलं.
हसले. मला हसू आलं नाही.

१४ मार्च, रवि.
पोरं मंदामावशीचा समुद्र, मंदामावशीचा समुद्र करत नाचताहेत. थोरल्याला एक धपाटा घातला. त्याचा काय दोष, पण.
लिहूनच टाकते. कोणाला सांगता तर येत नाही.
वसंतराव पाहायला आले होते ते मला. निळं पातळ नेसून पाटावर मी बसले होते, पोहे मी केले होते. तेवढ्यात मंदा कॉलेजातून आली, घामाघूम, सायकल भिंतीला टेकवली आणि दारातूनच विचारते, पोहे उरलेत का गं? सगळे हसले. वसंतराव जरा जास्तच. दोन दिवसांनी निरोप आला, धाकटी पसंत आहे.
बाबा म्हणाले, मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं करणार नाही. ते म्हणाले, थांबतो. आणि थांबले की! घरात सगळे माझ्याकडे असे बघायचे जणू मी दारात आडवी पडलेय. पुढे जे पहिलं स्थळ हो म्हणालं ते हे. घाईत पत्रिका, घाईत मांडव. माझ्या पाठोपाठ मंदाच्या अक्षता.
ह्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, आपल्याला निवडलं.
जळते मी मंदावर. हो, जळते. वसंतराव नकोतच मला, बडबड्या माणूस, चार दिवस झेपला नसता. पण ती गच्ची, ती संध्याकाळ... आधी तिथे माझं नाव निघालं होतं. आणि आठ दिवस त्यांच्याकडे राहायचं म्हणजे त्या माणसाची जीभ एकदा तरी घसरणारच. मग ह्यांना कळेल, आपण कशासाठी मांडवात उभे होतो. ते मला बघवणार नाही.
म्हणून पुरी. गोवा. द्वारका. कुठेही.

२० मार्च, शनि.
वसंतराव मंदाला न्यायला आले. दोघं दुपारी जेवायला आमच्याकडे. पुरणपोळी केली, तीही तिच्या आवडीची म्हणून ह्यांनी सांगितली होती.
आणि विशाखापट्टणला जायचीही गरज पडली नाही. तिसऱ्या पोळीला वसंतराव ह्यांना म्हणाले, "ताईंच्या हातचं मी तुमच्याआधी खाल्लंय बरं का, साडू."
मंदाने मान खाली घातली. माझ्या हातात तुपाची वाटी. हे शांतपणे म्हणाले, कटाची आमटी वाढ. दोनदा मागून घेतली.
दोघं गेल्यावर हे पेपर घेऊन बसले. ते काय विचार करताहेत काही कळेना.

२१ मार्च, रवि.
सकाळी कूलरला नवी खस लावत होते. मी सुतळी धरून उभी. मीच म्हटलं, काल वसंतराव म्हणाले ते...
"मले मालूम आहे," म्हणाले. "तुले पाह्याले आलो त्याच दिवशी तुह्या बाबानं समदं सांगितलं. लपवलं नाही माणसानं."
सुतळी सुटली हातातून. मग हो का म्हणालात, विचारलं.
"तू पसंत होती म्हून."
इतकी वर्षं मी उगाच... डोळे भरून आले. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव! विचारलंच, धाकटीलाही एकदा पाहावं, असं नाही वाटलं?
खस दाबत, मान वर न करता म्हणाले, "वाटलं होतं ना. पन तिले कामठीले मावशीकडे पाठवून देल्लं होतं तुह्या घरच्याइनं."
असं म्हणाले जसं खस यंदा महाग झाली.

२२ मार्च
पसंत होती. आणि वाटलं होतं. भाजी चिरताना एक, पोळ्या लाटताना दुसरं.
बाबांनी तिला लपवलं होतं, माझ्यासाठी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबा असते तर आज विचारलं असतं, रडले असते थोडी.
ह्यांच्याबरोबर ड्यूटीवर असणारे एकजण उद्या स्टेशनवर जाणार आहेत, त्यांच्याकडूनच रिझर्व्हेशन. डबा घेताना विचारलं, "पुरी का विशाखापट्टण? तू म्हनशीन ते."
पुरी म्हणावं तर मी भ्याले हे त्यांना कळणार. विशाखापट्टण म्हणावं तर मंदा गच्चीवर, वाऱ्याने केस उडताहेत, हे पोरांना बोट दाखवून जहाजं दाखवताहेत. एवढ्या लांब पहिल्यांदा समुद्र पाहायला जायचं आणि नवरा कुठे बघतोय ते बघत बसायचं.
"बोल ना वं. बस जाईन माही."
विशाखापट्टण, मी म्हटलं. बरं म्हणून निघाले.
ते फाटकापर्यंत गेले आणि मी हाक मारली, अहो, पुरीच सांगा.