खोली, वह्या आणि एक खोटा जबाब

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, पोलीस ठाण्यातून काढून टाकलेली टंकलेखिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीला न पडता माझ्या मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे भावाला दिले होते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, भाऊ मागेलच.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी स्वकष्टार्जित खोली तुरुंगातून सुटलेल्या बायकांना राहायला द्यावी. व्यवस्था वकीलबाई पाहतील, त्यांच्यामागे त्यांची भाची. येणारीला "काय केलं होतंस?" असे विचारू नये. न्हाणीतला नळ उलटा फिरतो, एवढे मात्र सांगावे.

२. यामागचे कारण लिहिणे भाग आहे. भंगार वेचणारी एक बाई होती, सगळे तिला चिमणी म्हणत. गोदामाच्या मुकादमाने तिला आत ओढले. हाताशी आलेल्या गजाने तिने मारले, तो मेला. "तो अंगावर आला, साहेब," ती रडत सांगत होती. साहेब मला म्हणाले, "लिहा, मी चोरी करायला शिरले होते." मी लिहिले. तिला वाचता येत नव्हते. अंगठा उठवण्याआधी तिने मला विचारले, "ताई, मी बोलले तेच लिहिलंय ना?"

मी हो म्हणाले.

तिला जन्मठेप झाली. चार वर्षांनी अपिलाच्या वेळी मी कोर्टात उभी राहून खरे सांगितले. ती सुटली, माझी नोकरी गेली. तुरुंगाच्या दारात मी तिची वाट पाहत होते. "तुम्ही हो म्हणाला होतात," एवढेच बोलून ती निघून गेली.

३. त्यानंतर एकवीस वर्षे वकीलबाई, शिंपीणबाई व मी ठाण्यातल्या बाकावर बसत आलो. पकडून आणलेल्या बाईला तिचा जबाब अंगठ्याआधी मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे, हा आमचा हट्ट. हवालदार म्हणायचे, "आल्या मावश्या!" शिंपीणबाई वारल्या, वकीलबाईंचे गुडघे गेले. तीन वर्षे मी एकटीच जाते. थर्मासमध्ये चहा अजून तिघींचा भरला जातो. त्या सगळ्या बायकांच्या नोंदी मी ज्यांत ठेवल्या त्या वह्या वकीलबाईंना. नावे छापू नयेत.

४. धाकट्या भावाला आईचा फोटो. "रस्त्यावरच्या बाईसाठी घराची अब्रू घालवलीस," म्हणून त्याने दार लावले, ते उघडलेच नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची बातमी मला किराणावाल्याकडून कळली. आता राग उरलेला नाही. जे उरले आहे ते कोणाच्या नावे करता येत नाही.

५. खोलीवर पहिला हक्क चिमणीचा. पण तिला शोधायला माणूस पाठवू नये, नोटीस तर मुळीच नको; सरकारी कागद दिसला की ती राहते ठिकाण सोडून पळेल. आपणहून आली तर किल्ली द्यावी. माझी बाजू तिला समजावू नये.

वरील मजकूर साक्षीदारांपुढे वाचून सही केली. खुर्च्या दोनच असल्याने मी उभी होते.

सही: टंकलेखिका

साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरची परिचारिका
२. कोपऱ्यावरचा छत्र्या दुरुस्त करणारा

स्थळ: माझी खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा