अठरा शतांश ग्रॅमची तूट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो फक्त कागदावरच जमतो). तुझं पित्त, भाऊजींची साखर आणि तुमच्या डोक्यावर रोज फर्निचर सरकवणारे ते वरच्या मजल्यावरचे शेजारी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी बरा आहे. तुझ्या भावजयीचं म्हणणं असं की निवृत्त झाल्यापासून माझा संशय कचेरीतून उठून स्वयंपाकघरात राहायला आलाय. परवा तिने आणलेला साखरेचा पुडा मी काट्यावर ठेवला, तर किलोला अकरा ग्रॅम जास्त भरला. कमी भरला असता तर प्रश्न नव्हता, दुकानदार चोर आहे म्हणून मोकळा झालो असतो. पण जास्त? जास्त देणाऱ्या माणसाच्या मनात नक्की काय असतं? मी दुकानात जाऊन विचारलं. तेव्हापासून आम्हाला साखर दोन गल्ल्या सोडून आणावी लागते. पण तेहतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेला माणूस एकदम भोळा कसा होणार, तूच सांग.

आता मुद्द्याचं. तू सांगितलंस म्हणून मी गुप्तहेर ‘घुबडराव’च्या त्या चित्रमासिकाचा अंक अकरा बघून आलो. तुझे तेवीस अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत, पाठीला पुठ्ठा लावून, कपाटात उभे आहेत आणि अकराव्याच्या जागी नुसताच पुठ्ठा आहे, हे मी दर भेटीत बघतो. तो अंक शेजारच्या कुरळीने चोरला, तुला तिच्या दप्तरात सापडला, तू तो तिच्या अंगावर फेकून ‘ठेव तुलाच, चोरटे’ म्हणालीस आणि तुमची जिवाभावाची मैत्री त्या दुपारी संपली, ही कथा आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. (भाऊजींनी ती लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली.) बावन्न वर्षं झाली. अंक अकरामधला चोर कोण हे तुला अजून कळलेलं नाही, याचं दुःख जास्त की मैत्रीण गेल्याचं, हे मी कधी विचारलं नाही. त्या विषयावर मी कधीच काही विचारलेलं नाही.

तुझ्या चार पानी सूचना पोचल्या. वाचून अभिमान वाटला. आमच्या खात्यात असतीस तर बाजारात एकही खोटा तराजू उरला नसता. मुखपृष्ठ तिरप्या उजेडात धरायचं, चकाकीत मधेच मंद ठिपका दिसला तर तिथे कुणीतरी नव्याने रंग भरलाय. कण्यावरच्या सुरकुत्या मोजायच्या. पिना गंजलेल्या चालतील, पण गंजाचा डाग कागदावर आणि पिन मात्र चकचकीत, असं असेल तर पिना बदलल्यात. कडा पट्टीने मोजायच्या, म्हणजे फाटकी कड कापून सरळ केलीय का ते कळतं. पुनर्मुद्रण असेल तर मलपृष्ठावरची किंमत वेगळी असते. पानं पांढरी, साय किंवा चहा यांपैकी कोणत्या रंगाची आहेत ते लिहून घ्यायचं, दहापैकी गुण द्यायचे आणि अंक हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. यात मी माझी एक भर घातली ती तुला माहीतच आहे: दहावा आणि बारावा अंक वजन करून कळव म्हणालो. (भाऊजी सोनाराकडे लहान मुलांची चित्रपुस्तकं घेऊन गेले आणि ‘जरा मोजून द्या’ म्हणाले, तेव्हा सोनाराचा चेहरा बघायला मी हवा होतो.) दहावा एकाहत्तर पूर्णांक एक्केचाळीस, बारावा एकाहत्तर पूर्णांक एकोणसाठ. म्हणजे धड अंक सरासरी साडेएकाहत्तर ग्रॅमचा. माणूस खोटं बोलतो, छपाई खोटी असू शकते, पण काटा कुणाचा मेहुणा नसतो.

जाहिरात वाचूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. ‘अंक अकरा. मूळ छपाई. किंमत समक्ष. कुरियरने पाठवणार नाही, घेणाऱ्याने स्वतः यावं.’ विकणारा माणूस गिऱ्हाईकाला पायऱ्या झिजवायला लावतो का? पत्त्यावर गेलो तर दवाखाना निघाला. दातांचा. जिन्यावर पाटी, पाटीवर दात, दाताला हसू. (दाताला कशाचं हसू येतं हे मला कधी कळलेलं नाही.) आत अर्धं सामान खोक्यांत बांधलेलं होतं. म्हणजे पळून जायची तयारी, असं मी मनात नोंदवलं. दार उघडलं ते एका साठी ओलांडलेल्या दंतवैद्यीण बाईंनी. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, हातात रबरी मोजे. बोटांचे ठसे लपवायचे असतील तर मोजे घालतात, हेही मी नोंदवलं. बाई म्हणाल्या, “बसा ना खुर्चीत. घाबरू नका, आता मी कुणाचे दात काढत नाही.” दुसरी खुर्ची खोक्यात गेलेली. म्हणून तुझा भाऊ त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत, डोक्यावर दिवा, छातीशी पिशवी, अशा थाटात व्यवहाराला बसला.

पिशवीत दोन चष्मे, भिंग, पट्टी आणि सोनं मोजायचा छोटा काटा होता. बाईंनी अवजारांच्या स्टीलच्या ताटात ठेवून अंक पुढे केला आणि दिवा हवा तसा तिरपा करून दिला. माझ्या संशयाला इतक्या अदबीने कुणी कधी जागा करून दिली नव्हती, त्यामुळे तो वाढला. मुखपृष्ठ उजेडात धरलं, चकाकी एकसारखी. कण्यावर सुरकुत्या चार. पिना आतून दिसेनात, तर बाईंनी दाढा बघायचा तो इवलासा आरसा हातात दिला. पिनाही गंजलेल्या आणि त्यांचा डागही त्यांच्याच मापाचा. कडा बरोबर, किंमत जुनी, पानं साय आणि चहा यांच्या मधली. (‘दुधाळ चहा’ असं लिहिलंय, तुझ्या यादीत हा रंग नाही.) कोपऱ्यावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचता आलं नाही, कारण चष्मा घरी राहिला होता.

सगळं इतकं सरळ बघून मला घाम फुटला. मग काटा काढला. एकाहत्तर पूर्णांक बत्तीस. म्हणजे अठरा शतांश ग्रॅमची तूट! बघ, मी म्हणत होतो ना, काहीतरी पाणी मुरतंय? पान न् पान उलटलं आणि तेविसाव्या पानाला खिडकी सापडली. चौकोनी, सुबक, पात्याने कापलेली. ‘हे कूपन पाठवा आणि गुप्तहेराचं भिंग मिळवा’ ती जागा. कूपनामागे नेमकं शेवटचं चित्र असतं, म्हणजे घुबडराव ज्याच्या तोंडावरचा मुखवटा ओढतो ते. तेच गेलं. त्या काळातल्या मुलांना वळणच नव्हतं, ताई. असल्या प्रतीला दहापैकी दोन गुणसुद्धा मोठ्या मनाचे. मी बाईंना तसं सुनावलं. त्यावर वरमायचं सोडून त्या दिवा माझ्या तोंडावर वळवून माझ्याच दातांकडे बघायला लागल्या (मी बोलत होतो, त्यामुळे तोंड उघडंच होतं) आणि विचारलं काय, तर पुढचा दात कशाने तुटला? आणि हे विचारताना ‘तू’वर आल्या! “हा अजून तसाच ठेवलायस?” म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. अनोळखी गिऱ्हाईकाला अरेतुरे करणाऱ्या आणि प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करायचा नाही, हा माझा नियम. मी तडक उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो.

सारांश, हा अंक घेऊ नकोस. प्रत अपुरी आहे, विक्रेती संशयास्पद आहे आणि जिना फार उभा आहे. बावन्न वर्षं तेवीस अंकांवर भागलं, इथून पुढेही भागेल. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि सोनाराला माझ्यातर्फे धन्यवाद.

तुझा आज्ञाधारक (शक्यतो)
धाकटा

ता. क. वरचं पत्र आठ दिवस टेबलावर पडून आहे. तुझ्या भावजयीने ते वाचलं आणि एवढंच म्हणाली की पिशवीत दोन चष्मे असताना चष्मा घरी कसा राहिला? निरीक्षकाची बायको ती निरीक्षकच. तर, चिठ्ठी मला वाचता आली होती. वर्गणीदार क्रमांक तीनशे नऊ, पुढे तुझं नाव, आणि नावातली वेलांटी पोस्टाच्या शिक्क्याखाली गेलेली. ती दंतवैद्यीण म्हणजे आपली कुरळी. कुरळेपणा गेला, बाकी तीच.

ता. क. २. तिने मला दातावरून ओळखलं, कारण तो दात तुटला तेव्हा तिनेच आपला रुमाल माझ्या तोंडात कोंबला होता. आता एका दमात लिहून टाकतो, नाहीतर आणखी आठ दिवस जातील. अंक अकरा दुपारच्या टपालाने आला तेव्हा तू शाळेत होतीस आणि मी तापाने घरी. मला भिंग हवं होतं. बाबांच्या दाढीच्या पात्याने मी कूपन कापलं आणि मग पान उलटून पाहिलं, तर तुझं शेवटचं चित्र माझ्या हातात. तुझ्या रागाला मी काय भीत होतो हे तुला ठाऊक आहे. मागच्या भिंतीवर चढून अंक कुरळीच्या हातात दिला, ‘कुणाला सांगणार नाहीस’ म्हणून तिला माझी शपथ घातली, आणि उतरताना तोंडावर पडलो. पंधरा दिवसांनी तू अंक तिच्या अंगावर फेकलास तेव्हा मी दाराआड उभा होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू, ताई, आणि दोर माझा होता. फार लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण तेव्हा भीती जास्त होती.

मी तडक घरी आलो हेही खोटं. त्या खुर्चीत तासभर बसून होतो. मोठेपणी तरी का सांगितलं नाहीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, “शपथ तू घातलीस. तूच सोडवायची होतीस.” दवाखाना बंद करून ती महिनाअखेरीला मुलीकडे राहायला जाते आहे, म्हणून ती जाहिरात. पैसे तिला नकोत. तू स्वतः यावंस आणि अंक घेऊन जावास, एवढंच तिचं म्हणणं. तू वाचताना अजून वेणीचं टोक चावतेस का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, वेणी राहिली नाही. तेव्हा ये. गाडीची तिकिटं पाहून ठेवली आहेत. मला काय बोलायचं ते स्टेशनवर बोल, पण तिच्याकडे आधी जा.

ता. क. ३. सोबतच्या पाकिटात कूपन आहे. भिंग मला कधीच मिळालं नाही, कारण कूपनावर पालकांची सही लागत होती. ते कूपन इतकी वर्षं माझ्या पितळी वजनांच्या पेटीत, पन्नास ग्रॅमच्या वजनाखाली होतं. (पितळ शेवटी उघडं पडतंच.) चोर कोण हे मला बावन्न वर्षं माहीत होतं, दोन्ही गोष्टींतला. तुझ्या अंकातल्या गोष्टीतला मी सांगत नाही, तूच उलटून बघ. फक्त एवढं आठव की त्या अंकात एक तपासनीस पहिल्या पानापासून सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघत हिंडतो. पाकीट बंद करण्याआधी कूपन काट्यावर ठेवलं. अठरा शतांश ग्रॅम भरलं. विश्वास बसेना, म्हणून दोनदा मोजलं.